केक, अंडं नको

मी कोंबडी खाते. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून मलाच वाटायचं की मी फार सोवळ्याची. आमच्या घरी कोंबडी होते, पण ती अंगणात, गोठ्याच्या कडेला तीन दगडांच्या चुलीवर. तिची भांडी वेगळी, गोठ्यातच टांगलेली. ती घरात येत नाहीत, कारण सासूबाई माळकरी आहेत. मी त्यांना आत्याबाई म्हणते. माझं लग्न व्हायच्या आधीपासून त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यांना अक्षर येत नाही, आता नजरही अधू झाली. बिस्किटाचा पुडा असो की लग्नातलं ताट, त्या आधी मला विचारतात, "बघ गं, चालंल का?" मी चालंल म्हटलं की घास तोंडात घालतात. मी चौथी शिकलेली आहे. माझ्या शिक्षणाचा एवढा उपयोग दुसऱ्या कुणाला झाला नाही.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर पुण्याहून धाकट्या जावेचा व्हिडिओ कॉल आला.

"ताई, नाताळच्या सुट्टीत आम्ही सगळे गावी येतोय. माझी बहीण, तिचे मिस्टर, मुलं पण. मस्त ख्रिसमस डिनर करू. मेनू सांगते, लिहून घ्या."

मी कॅलेंडरचं जुनं पान काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला बसले.

"भरीत-भाकरी करू का?" मी विचारलं. "वांगी आपल्याच शेतातली हायत."

"अहो ताई, भाकरी काय! ख्रिसमस आहे ना. भाकरी तुमची रोजचीच आहे."

मग तिनं सांगितलं ते लिहिलं. आख्खी भाजलेली गावरान कोंबडी. पांढऱ्या सॉसचा पास्ता. लसणाचा ब्रेड. केक. गावरान कोंबडी आख्खी भाजून शिजत नाही, तिला चुलीवर दोन तास लागतात, असं मी म्हटलं. ती म्हणाली, यूट्यूबवर दाखवलंय. केकापुढं मात्र मी आपल्या मनानं लिहिलं, 'अंडं नको', आणि खाली रेघ ओढली. तिला सांगितलं, "केक बिनअंड्याचा आणा. आत्याबाईलाबी देता येईल."

"हो हो, ह्यांना सांगते."

सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. "काय सांगून राहिली गं ती?"

"केक आणणार हायत. तुमच्यासाठी बिनअंड्याचा."

"मंग खाईन की. कवा खाल्ला न्हाई. तू बघून दे म्हंजे झालं."

नाताळ आम्हाला नवा नव्हता. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर ख्रिश्चन होत्या आणि आमच्यापासून दोन घरं सोडून राहायच्या. नाताळला त्या करंज्या, शेव, रव्याचे लाडू करायच्या. सासूबाईंचं ताट स्वतः घेऊन यायच्या आणि उंबऱ्याशी उभं राहून म्हणायच्या, "आई, तुमचं पहिल्या तेलात तळलंय, त्यात दुसरं काही गेलं नाही. केकाची ताटली वेगळी हाय, ती लेकरांची." त्यांच्या हातचं सासूबाई मला न विचारता खायच्या. पुढं सिस्टरची बदली झाली. जाऊ ज्याला ख्रिसमस म्हणून राहिली होती तो त्यांचाच सण, हे मला नंतर कितीतरी दिवस खरं वाटलं नाही.

पाव्हणे आले ते गाडीत ओव्हन घेऊन. मी अंगणातली चूल सारवून ठेवली होती.

"कोंबडीचं तिकडं करू," मी म्हटलं.

"ताई, ओव्हन काय चुलीवर ठेवायचा?" जाऊ म्हणाली, आणि सगळे हसले. प्लग स्वयंपाकघरात होता, म्हणून कोंबडी स्वयंपाकघरात गेली. मी नवऱ्याकडं पाहिलं. ते म्हणाले, "राहू दे, दोन दिवसाचे पाव्हणे हायत."

मी पाणी घेऊन परत आले तर जावेच्या बहिणीनं कोंबडी सासूबाईंच्या भाकरीच्या परातीत धुवायला घेतलेली. परातीत गुलाबी पाणी, त्यावर चरबीचे डोळे तरंगत होते. त्याच परातीत मी सकाळी पीठ मळलं होतं. "ती परात..." एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "धुऊन देते ना." पुढं ती परात तशीच मोरीत पडून होती.

ओव्हनमधून कोंबडी निघाली ती वरून काळी आणि सांध्याशी लाल. आधी तिचे फोटो काढले. मग एका पोरानं तंगडी ओढली, चावली आणि कागदी ताटात थुंकली. "रबर आहे रबर!" पुन्हा हसणं. अंड्यावरची कोंबडी होती ती, मी दाणे घालून वाढवलेली. चार घास कुणी नीट खाल्ले नाहीत. पास्त्याचा गोळा झाला, तो पोरांनी एकमेकांना फेकून मारला. मला त्यांच्या हातांची, तोंडांची, हसण्याचीसुद्धा किळस यायला लागली.

दिवेलागणीला दीर हिंगोलीहून केक घेऊन आले. खोकं मीच उघडायला घेतलं. झाकणावर ठिपका होता. बिस्किटाच्या पुड्यावर मी रोज बघते तो हिरवा नव्हे, तांबडा.

मी हळूच म्हटलं, "भाऊजी, हा बिनअंड्याचा न्हाई."

"संपले होते वहिनी. गर्दी केवढी! आईला कुठं कळतंय?"

जाऊ माझ्या कानाशी आली. "ताई, प्लीज. आता मूड घालवू नका. सगळे थांबलेत."

सासूबाईंना खुर्चीत बसवलं होतं. डोक्यावरच्या पदरावर लाल टोपी घातली होती. समोर दोन मोबाइल धरलेले. जावेनं केकाचा तुकडा त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तोंड मिटलं आणि मी जिकडं असेन तिकडं मान वळवली.

"चालंल का गं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, लहानपणापासून फुटत नाही. पण त्या वेळी फुटला.

"चालंल," मी म्हणाले.

त्यांनी खाल्ला. "मऊ हाय गं. तोंडात इरघळून राहिला." टाळ्या झाल्या. कुणीतरी त्यांच्या गालाला क्रीम फासलं, ते ओघळून माळेच्या मण्यांत गेलं. बोटानं ते चाचपत त्या हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी पाव्हणे गेले. हळदीच्या सऱ्यांत कागदी ताटं पडली होती, भिंतीवर क्रीमला मुंग्या लागल्या होत्या. मी परात राखेनं तीनदा घासली, तरी वास जाईना. का तो माझ्या नाकातच बसला होता, कोण जाणे. सासूबाई जवळ येऊन बसल्या. "पुढच्या वर्षीबी आणायला सांग तो केक," म्हणाल्या. "तू हायस की बघायला."

मग मला राहवलं नाही. "त्यात अंडं होतं, आत्याबाई."

"तुला कवा कळलं?"

"आधीच."

त्यांनी माळ काढली, पाण्यात धुतली, देव्हाऱ्यात ठेवली. म्हणाल्या, "त्या पोरीला काय ठावं. तू काहून चालंल म्हणलीस?"

मी परात पुन्हा राखेनं घासायला घेतली. पोरांच्या थुंकण्याची किळस धुऊन गेली, माझ्या त्या एका शब्दाची जात नाही.

एकादशी करून त्यांनी माळ पुन्हा घातली. पण तेव्हापासून त्या आपली भाकरी आपणच थापतात. दिसत नाही, भाकरी एकीकडं जाड, एकीकडं जळते, बोटं पोळतात. मी हात पुढं केला तर म्हणतात, "राहू दे. मला जमतंय." लग्नाला गेल्या तर केळं खाऊन येतात. मला काही विचारत नाहीत.

परवा जावेचा फोन आला. "ताई, यंदाचा मेनू ठरवू या का?"

कॅलेंडरचं पान मी काढलं नाही. "चूल अंगणात हाय," मी म्हणाले. "कोंबडी तिथंच होईल, त्याच भांड्यात. घरात शिजणार न्हाई. केक आणू नका." आवाज कापत होता, पण सगळं बोलले. ती म्हणाली, "अहो, एवढं काय झालं?" मी तेही सांगितलं, काय झालं ते.

सासूबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज थांबला होता, म्हणजे त्यांनी ऐकलं. मी फोन ठेवून त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

त्या दिवशीही त्यांनी आपली भाकरी आपणच भाजली.