टेबलावरची पांढुरकी झाक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुनंदाला, माझ्या बायकोला, तर नाहीच. बातम्या तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. दोघांकडून खातरजमा झाल्याशिवाय एक ओळ मी पानावर जाऊ दिली नाही. हे वाक्य लिहिताना हात थांबतो — कारण एक ओळ मी जाऊ दिली. ती छापली गेली नाही, इतकंच.

टेबलापासून सुरू करतो. ते सोपं आहे.

निवृत्तीनंतर मी घरीच एक टेबल बनवलं. कारखान्यांत यंत्रं ज्या खोक्यांतून येतात, त्यांच्या पाइनच्या फळ्या भंगारात मिळतात. रंग फिका, गाठी सुरेख, पण लाकूड मऊ. नख दाबलं तरी खूण उमटते. सुनंदाला तो फिका रंग आवडला. तो तसाच राहावा, एवढंच ती म्हणाली. म्हणजे पॉलिश पारदर्शक हवं.

उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीतली बहुतेक दारं सलीमभाईंनी पॉलिश केलेली. ते टेबल बघून म्हणाले, चपडा लावू, लाखेचं पॉलिश. स्पिरिटचा वास दोन दिवसांत जातो. लाकूड जरा पिवळसर दिसेल, गरम कपाचा गोल उमटेल, पण पुन्हा हात फिरवला की निघतो. मला मेलामाइन हवं होतं — कडक, काचेसारखं, पिवळं न पडणारं. त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“साहेब, वहिनीला दमा हाय. मेलामाइनचा वास घरात नको. गच्चीवर न्या, नाय तर चपडा घ्या.”

मग ते एका कामासाठी चार दिवस सिल्लोडला गेले. आल्यावर करतो, म्हणाले. चारच दिवस. का थांबलो नाही मी?

गच्चीवर उन्हाळ्याची धूळ होती. ओल्या पॉलिशवर ती बसली की बसली. म्हणून मी मेलामाइन आणून भर दुपारी बैठकीतच काम काढलं. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. कूलर मात्र चालू ठेवला. त्याच्या ओल्या वाळ्यातून धूळ येत नाही, आणि त्याची हवा बैठकीतून सुनंदाच्या खोलीत जाते. ती झोपली होती. तिला उकडू नये — एवढी काळजी मी घेतली. ती हवा आधी टेबलावरून जात होती.

आतून आवाज आला तेव्हा मी दुसरा हात देत होतो. खोकला नव्हता, शिट्टीसारखं काहीतरी होतं. मला तो आवाज ओळखीचा होता. तरी मी कडेचा राहिलेला पट्टा पुरा केला — मध्ये थांबलो तर जोड दिसतो. अर्धं मिनिट असेल. कदाचित जास्त.

सहा दिवस ती ऑक्सिजनवर होती. दवाखान्याच्या जिन्यात तिच्या भावानं विचारलं, घरात काय लावलं होतं, कुणी लावलं? मी घाबरलो. तिच्या जिवासाठी घाबरलो, असं लिहायचा मोह होतो. तसं नव्हतं. शुद्धीवर आल्यावर ती माझ्याकडे कशी बघेल, याला घाबरलो. म्हणालो, पॉलिशवाल्यानं लावलं, मी चपडा सांगितला होता.

आठवड्यात ते गल्लीभर झालं. समोरच्यांनी सलीमभाईंकडचं दारांचं काम काढून घेतलं, शेजाऱ्यांनी कपाटाचं.

सुनंदा घरी आली तेव्हा सलीमभाई तिला बघायला आले. गल्लीत काय बोललं जातं ते त्यांच्या कानावर गेलंच असणार, तरी आले. उंबऱ्यातूनच त्यांना टेबल दिसलं. मेलामाइन दमट हवेत सुकलं की त्यावर पांढुरकी झाक येते. मला तो उजेडाचा दोष वाटला होता. त्यांनी ती बघितली आणि मला विचारलं,

“साहेब, कूलर चालू व्हता काय?”

सुनंदा पलंगावरून ऐकत होती. मी म्हणालो, “मला काय विचारता? काम तुम्ही केलंत.”

ते पलंगाकडे वळले. मग तिला म्हणाले, “वहिनी, तब्येत सांभाळा,” आणि चपला घालून निघून गेले. ‘मी सिल्लोडला होतो’, एवढं त्यांचं एक वाक्य पुरलं असतं. ते का बोलले नाहीत, मला माहीत नाही. अंदाज करणार नाही.

याला सहा वर्षं झाली. बेल वाजली की दार मीच उघडतो, आज नेमके तेच असले तर — म्हणून. गुलमंडीत स्पिरिटचा वास आला की रस्ता बदलतो. सुनंदा रोज त्या टेबलाशी बसते. त्या झाकेवरून बोट फिरवते.

काल चहा पिताना ती म्हणाली, “सलीमभाईंना एकदा बोलवा. माझ्या मनात आता काही नाही, हे मला त्यांना सांगायचंय.”

ती त्यांना माफ करणार आहे. माझ्यासमोर, याच टेबलाशी.

मी लिहिलेलं आजवर सगळ्यांत आधी तिनंच वाचलंय. आताही ती आत झोपली आहे, दुपार आहे, कूलर चालू आहे. ही पानं उडू नयेत म्हणून त्यांवर चष्म्याचं घर ठेवलं आहे — टेबलावर, झाक आहे तिथंच. आतून पलंग वाजला. ती उठली.