वरून उत्तर यायचं आहे

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि माझ्या बनियनला किती भोकं आहेत हेसुद्धा तिला तोंडपाठ असतं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्यात वर्षातून एकदा दरफाळणीचा सण येतो. दार लावून घरात बसायचं, पाण्याचा थेंबही न घेता उपास करायचा आणि आपल्या नव्या-जुन्या चुका मनाशी कबूल करायच्या. मी त्या क्रमांक घालून कबूल करतो, सवयच आहे. पण गेली काही वर्षं माझी यादी तिसऱ्या क्रमांकावरून थेट पाचव्यावर जाते. चौथी आली की मी खोकतो आणि पुढे सरकतो. खोकल्याने चूक फिटते असं कुठल्या धर्मात लिहिलंय?

तर ती चौथी. सांगतो — पण आधी माझं काम सांगावं लागेल, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी कुणाचा तरी खून केला.

मी पनवेलला सरकारी कारकून. आता दुसऱ्या टेबलावर आहे, पण तेव्हा माझं टेबल अफूचं होतं. हसू नका. अफूची सवय असलेल्यांना सरकार परवाने देई, त्या परवान्यावर दुकानातून ठरलेली अफू मिळे. मग दिल्लीत ठरलं, नवा परवाना कुणालाही द्यायचा नाही आणि जुन्यांचा वाटा दरवर्षी थोडा थोडा कापत शून्यावर आणायचा. धोरण चांगलं होतं, मी आजही तसंच म्हणेन. अडचण एवढीच की धोरण दिल्लीत होतं आणि अफू खाणारे पनवेल तालुक्यात. किती उरले म्हणून दिल्ली मुंबईला विचारी, मुंबई अलिबागला, अलिबाग आमच्या इन्स्पेक्टरांना आणि इन्स्पेक्टर दिघे मला. मी कुणाला विचारणार? मी रजिस्टर उघडत असे.

दर तीन महिन्यांनी समन्वय सभा व्हायची. पोलिसांच्या मते तालुक्यात अफू खाणारे एकोणीस, दवाखान्याच्या मते सव्वीस, अफूच्या दुकानदाराच्या मते चाळीस — त्याला खप दिसत होता — आणि माझ्या रजिस्टरात एकतीस. मग चहा आणि कांदाभजी येत. भजी संपेपर्यंत सगळ्यांचे एकतीस होत. समन्वय म्हणजे काय, ते मला तिथे कळलं.

एका वर्षी वरून नवा तक्ता आला. परवानेधारक किती कमी झाले, एवढ्यावर आता भागणार नव्हतं. का कमी झाले, तेही हवं होतं. त्यासाठी दोन रकाने — 'मृत्यू' आणि 'व्यसन सोडले'. त्या वर्षी आमचे चार कमी झाले होते. चौघेही म्हातारे, चौघेही वारलेले. मी पहिल्या रकान्यात चार लिहिले, दुसऱ्यात शून्य. दिघेसाहेबांनी कागद हातात धरून बराच वेळ मान हलवली.

"आपटेकर, सगळे मेलेच? एकानेही सोडली नाही? वरच्यांना काय वाटेल — आपण अफू कमी करतोय की माणसं?"

एवढंच म्हणाले. आकडा बदला असं त्यांनी सांगितलं नाही, हे स्पष्ट लिहितो. बदलला मी. माझ्या टेबलावर परत आलो आणि विचार केला — मेलेला माणूस अफू सोडतो की नाही? सोडतो. पुन्हा कधी हात लावतो का? नाही. मग त्याने व्यसन सोडलं म्हटलं तर खोटं काय? मी 'व्यसन सोडले' खाली तीन लिहिले आणि 'मृत्यू'खाली एक ठेवला. ज्या तालुक्यात वर्षभरात एकही म्हातारा मरत नाही तो संशयास्पद दिसतो, इतकी अक्कल मला होती. बेरीज चारच आली. माझी बेरीज चुकत नाही.

ही ती चूक नव्हे. हिला मी दुसरा क्रमांक देतो आणि दरवर्षी नीट कबूल करतो.

दीड महिन्याने मुंबईहून पत्र आलं. जिल्ह्यात इतर कुठेही कुणी व्यसन सोडलेलं नसताना पनवेलमध्ये एका वर्षात तिघांनी सोडलं, ही बाब उल्लेखनीय आहे. मुंबईचे साहेब स्वतः येऊन त्या तिघांना भेटतील, त्यांनी कोणत्या उपायाने सोडलं ते लिहून घेतील, म्हणजे ते दिल्लीला कळवता येईल.

कोणत्या उपायाने! एकाने न्यूमोनियाने सोडली होती, एकाने विहिरीत पडून, आणि तिसऱ्याने झोपेत.

मी हिशेब केला. आम्ही वर फक्त आकडे पाठवले होते, नावं नव्हती. दोघे मुलांकडे परगावी गेले म्हणता येईल. पण तिसरा तरी उभा करायला हवा. जिवंत.

धाकू नाखव्याचं नाव मला लगेच सुचलं, आणि ते सुचायला नको होतं. नाखवा म्हणजे होडीचा मालक, पण धाकूची होडी केव्हाच मुलाकडे गेली होती. सारा जन्म खाडीच्या पाण्यात उभं राहून त्याचे गुडघे गेले होते. सकाळी दोन गुंजा अफू, संध्याकाळी दोन, एवढ्यावर तो चालता-बोलता राही. त्याचे अर्ज वर्षानुवर्षं मी लिहीत असे. तो मला बेनीभाव म्हणे आणि त्या अर्जांबद्दल घरी मासे पाठवी, नेहमी खवल्याचेच. बिनखवल्याचा मासा आणि कोलंबी आम्हाला चालत नाही, हे मी त्याला एकदाच सांगितलं होतं. त्याच्या घरच्या पाटीतून आमच्याकडे कधी चुकूनही कोलंबी आली नाही. आमच्या कार्यालयात इतकी अचूक नोंद कुणाचीच नव्हती.

मी कोळीवाड्यात जाऊन त्याला सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला.

"मंजे मेलेल्यांनी सोरली, आनि जित्यानं सांगाचा?"

"एक दिवस. साहेब गेले की झालं."

"बेनीभाव, तुमच्यासाटी येक दिस मी दारू सोरली असा पन बोलीन. पन माजा कागुद तेवरा सांबाला."

कागद म्हणजे परवाना. सांभाळतो, असं मी म्हटलं. हे शब्द लक्षात ठेवा. माझ्या तर आहेतच.

साहेब आले. धाकू धुतलेली बंडी घालून खुर्चीवर बसला आणि असा काही बोलला म्हणता! आधी गरम पाणी घ्यायचा, मग देवाचं नाव, मग लिंबाचा पाला, मग सुनेच्या शिव्या — या चार उपायांनी सुटली. साहेबांनी चारही लिहून घेतले. सुनेच्या शिव्यांना 'कुटुंबाचे सहकार्य' असा शब्द घातला. दिघेसाहेब घाम पुसत होते. मला मात्र — खरं सांगू? — अभिमान वाटत होता. जणू माझ्याच उपायांनी सुटली होती.

मग साहेब म्हणाले, "यांचा परवाना बघू."

मी दिला. त्यांनी लाल शाईचं पेन काढलं, परवान्यावर आडवं 'रद्द' लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि उठून धाकूशी हात मिळवला. धाकूने हात मिळवला, पण बघितलं माझ्याकडे. तो घाबरलेला नव्हता. पत्ते खेळताना आपला गडी आता काय टाकतो म्हणून बघावं, तसा बघत होता. पान माझं होतं.

मी काय केलं? मी लाल शाई वाळावी म्हणून परवान्यावर टिपकागद दाबला.

अजून चौथी चूक आलेली नाही. येतेय.

नवा परवाना कुणालाच द्यायचा नाही, हे तुम्हाला वर सांगितलंच आहे. रद्द झालेला परत मिळवायला एकच वाट होती. वर लिहायचं की कळवलेला आकडा चुकीचा होता, सबब परवाना पूर्ववत करावा. एका वाक्याचं पत्र. ते मी त्याच संध्याकाळी लिहिलं. अक्षर सुरेख आलं होतं. आणि खणात ठेवलं.

चौथ्या दिवशी धाकूची सून आमच्या कार्यालयाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. म्हातारा भर वैशाखात दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होता, पोटात पाणी ठरत नव्हतं, गुडघे धरून ओरडत होता. ती म्हणाली, "बाबा इचारतान, कागुद कवा मिलंल?"

मी म्हणालो, "वर लिहिलंय. वरून उत्तर यायचं आहे."

ही चौथी. पत्र माझ्या खणात होतं. वर काहीही गेलेलं नव्हतं.

ती सातव्या दिवशी आली. उत्तर यायचं होतं. अकराव्या दिवशी आली. यायचंच होतं. कसं येणार? मी रोज खण उघडून पत्र पाहत असे, जणू ते खणातच कुठेतरी पोचेल. शेवटी तिचं येणं थांबलं. मला वाटलं, म्हातारा गेला. पण तीन आठवड्यांनी तोच आला, दोन काठ्या टेकत, निम्मा होऊन. माझ्या टेबलाशी वाकून म्हणाला, "आलं का उत्तर?"

"नाही अजून, नाखवा."

"येल. दिल्ली लांब हाय," तो म्हणाला. त्यानेच माझी समजूत काढली.

त्याने पुन्हा अफू घेतली नाही. मिळालीच नाही. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात मी 'व्यसन सोडले' खाली एक लिहिला. त्या रकान्यात माझ्या हातून गेलेला तो एकच खरा आकडा. दिघेसाहेबांची बढती झाली, माझं टेबल बदललं. पत्र मी नव्या टेबलाच्या खणात नेलं. ते का नेलं, हे मला माहीत नाही.

धाकू त्यानंतर पाच वर्षं जगला, त्यातली बहुतेक ओटीवर बसून. बाजारात जाताना मी वाट बदलत असे. तरी कधी गाठ पडलीच तर तो लांबूनच ओरडे, "काय बेनीभाव, आलं का?" लोकांना वाटे, आमचं काहीतरी गमतीचं बोलणं आहे. मीही हसत असे.

तो गेला त्याच्या महिन्याभराने त्याची सून आमच्या दारी आली. पाटीत एक मोठा जिताडा होता, खवले चकचकत होते. म्हणाली, म्हाताऱ्याने जाण्याआधी दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. बेनीभावाकडे मासा देत जा, खवल्याचाच. आणि उत्तर आलं का, ते विचारून ये.

मी म्हटलं, "अजून नाही."

मासा ताजा होता. बायकोने तो आंबट-तिखट करून वाढला, आणि मी दोनदा भात घेतला.