हनुवटीवर न उमटलेला ठोसा

त्या ट्रक ड्रायव्हरचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. अकोल्याच्या रुग्णालयात तो बेशुद्ध पडला होता, डोक्याला पट्ट्या होत्या आणि नाकात नळ्या. मी मात्र पलंगाशी वाकून त्याची हनुवटी न्याहाळत होतो. तिथे काहीही नव्हतं. सूज नव्हती, काळंनिळं नव्हतं, साधा ओरखडाही नव्हता. आणि माझ्या ठाण्याच्या कोठडीत एक माणूस छातीवर हात ठेवून सांगत होता की याच हनुवटीवर मी उजव्या हाताचा ठोसा मारला.

तेव्हा मी खामगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. कापसाचा हंगाम होता. जिनिंग कारखान्याच्या गेटबाहेर कापूस भरलेल्या गाड्यांची रांग लागायची, ड्रायव्हर वैतागलेले असायचे, रोज काहीतरी भांडण व्हायचं. एका सकाळी ठाणे अंमलदाराने फोन ठेवला आणि म्हणाला, "साहेब, जिनिंगवर उस्तादानं ड्रायव्हर पाडला म्हनतात. ड्रायव्हर काही उठून नाई राह्यला."

उस्ताद म्हणजे कोण, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. फौजेतून निवृत्त झालेला बॉक्सर. आपल्या पलटणीचा हेवीवेट, एकेकाळी नावाजलेला. गावी परत आल्यावर त्याने समाजमंदिरामागच्या मोकळ्या जागेत पोरांना बॉक्सिंग शिकवायला सुरुवात केली आणि पोटापाण्यासाठी जिनिंगच्या गेटवर रखवालदारी धरली. वय साठीला टेकलेलं, पण देह असा की गेटमध्ये उभा राहिला की गेट लहान वाटायचं. त्याच्या हाताखालची कितीतरी पोरं फौजेत आणि पोलिसांत गेली. माझ्याच ठाण्यात त्याचा एक शिष्य शिपाई होता. उंचपुरा, कमी बोलणारा, बंदोबस्ताला उपयोगी.

जयंतीच्या मिरवणुकीत दरवर्षी चौकात या गुरू-शिष्याची लढत व्हायची. लेझीम थांबायचं, दोर बांधून रिंगण व्हायचं, उस्ताद हातमोजे चढवायचा. थोडा वेळ पदन्यास, दोन-चार हुलकावण्या, मग उस्तादाचा उजवा हात सुटायचा आणि आमचा शिपाई आडवा. चौक शिट्ट्यांनी दणाणून जायचा. बंदोबस्तावर असताना मीही टाळ्या वाजवल्या होत्या. म्हणून ड्रायव्हर पडल्याचं ऐकून कोणाला नवल वाटलं नाही. त्या हाताचा ठोसा बसल्यावर माणूस उठेल कसा, असंच सगळे म्हणत होते.

आम्ही जीप काढण्याआधीच उस्ताद स्वतः ठाण्यात आला. त्याने टेबलावर दोन्ही हात ठेवले.

"साहेब, या हातानं झालं. तो वाकडंतिकडं बोलून राह्यला होता. मले ढकललं त्यानं. मंग माहा हात सुटला. राइट क्रॉस. मी आवरून मारला होता साहेब, पन माहा हात असाच हाय."

पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. पण साक्षीदारही ढीगभर होते. जखमी ड्रायव्हरचा जोडीदार, म्हणजे त्याच गाडीवरचा दुसरा ड्रायव्हर, फिर्याद द्यायला आला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. रखवालदाराने ठोसा मारला, माझा सोबती खाली बसला, ओकला आणि बेशुद्ध झाला. गुन्हा दाखल झाला, उस्तादाला अटक झाली. त्याच्या आवाजात पश्चात्ताप होता, आणि त्या पश्चात्तापाच्या तळाशी किंचित अभिमानही होता. मला त्याचा राग आला. एक माणूस मरणाच्या दारात आणि या गृहस्थाला आपल्या हाताचं कौतुक.

माझा स्वभाव मुळात काळजीखोर. अकोल्याहून दर फोनला मी दचकत होतो. ड्रायव्हर गेला तर सदोष मनुष्यवधाचं कलम लागणार आणि या म्हाताऱ्याचं उरलेलं आयुष्य तुरुंगात जाणार. बाहेर ड्रायव्हर लोकांनी रस्त्यात गाड्या आडव्या लावल्या होत्या. दुसऱ्या बाजूला उस्तादाचे शिष्य ठाण्याच्या कंपाउंडबाहेर नुसते उभे होते. ओरडत नव्हते, हलतही नव्हते. मला त्या ओरडणाऱ्यांपेक्षा या गप्प पोरांची जास्त धास्ती वाटत होती.

दुपारी उस्तादाची बायको डबा घेऊन आली. तपासणीसाठी डबा उघडला तर ज्वारीची भाकर आधीच वरणात कुस्करून आणलेली. मी सहज म्हणालो, "लहान बाळासारखे लाड आहेत."

ती म्हणाली, "त्याईले भाकर तुटत नाई साहेब आता. बोटं धरत नाईत. घरी बी मीच चुरून देतो. तुमी काही बोलू नका त्याईले, त्याईले वाटते हे मी हौसेनं करतो."

मी ऐकलं आणि विसरलो. कोठडीत पाणी पिताना उस्ताद पेला दोन्ही हातांनी धरतो, अटकेच्या कागदावर सही करताना पेन दोनदा निसटला, हेही मी पाहिलं होतं. घाबरलेल्या माणसाचे हात कापतात. नोकरीत असे शेकडो हात मी पाहिले होते.

मग मी अकोल्याला गेलो आणि ती कोरी हनुवटी पाहिली. डॉक्टरांनी सांगितलं की मार कानाच्या वर, कवटीला आहे आणि आत रक्त साकळलंय. ठोशाचा म्हणावा असा वळ कुठेही नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. असा मार लागल्यावर माणूस काही वेळ चालतो, बोलतो. कधी चिडचिडा होतो, असंबद्ध बडबडतो, लोकांना वाटतं प्यालाय. मग एकदम कोसळतो.

"पडताना डोकं आपटलं असेल," मी म्हणालो.

"कशावर पडला?" त्यांनी विचारलं.

परतीच्या वाटेवर मला घटनास्थळाचा पंचनामा आठवला. तो पडला नव्हताच, खाली बसला होता. आणि बसला तोही गेटशी सांडलेल्या सुट्या कापसाच्या ढिगावर. कापसावर डोकं फुटत नाही. पण मग ठोसा गेला कुठे? साक्षीदारांनी डोळ्यांनी पाहिला होता. मारणारा स्वतः सांगत होता.

ठाण्यात पोचताच मी त्या शिपायाला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तू दरवर्षी त्यांचा ठोसा खातोस. तो बसल्यावर तुझ्या तोंडावर वळ राहतो का?"

"उस्तादाचा हात साहेब, बैल पाडन," तो म्हणाला. पण माझ्याकडे बघेना.

"वळ राहतो का, एवढंच विचारतोय."

"मोज्यानं वळ नाई राहत."

"गेटवर मोजा नव्हता."

तो बंद दाराकडे बघायला लागला. संशयिताला बोलतं करायचे माझे काही ठरलेले मार्ग होते, पण आपल्याच माणसाची उलटतपासणी करायची वेळ पहिल्यांदाच आली होती. मी आवाज चढवला नाही. त्याला एवढंच सांगितलं की ड्रायव्हर गेला तर तुझे उस्ताद आत जातील आणि कदाचित आतच संपतील. मग मला ती कुस्करलेली भाकर आठवली. म्हणालो, "त्यांना भाकर तुटत नाही, हे तुला माहीत आहे ना?"

त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"सगळ्याईले माईत हाय साहेब," तो म्हणाला. "आमच्यात उस्तादाच्या तोंडावर हात उचलत नाईत. तो नेमच हाय. अन् उस्तादाचा हात लागला का पडाचं. पह्यले खरंच पडत होतो, आठ-आठ दिवस कान वाजे. मंग एका वर्सी लागलं, पन काही झालंच नाई. नुसता हात ठेवल्यासारखा. चौकात एवढे लोक, समोर त्याईची बायको बसेल होती. मी पडलो. मंग सगळेच पडू लागलो, सरावात बी. त्याईले सांगन कोन?"

"त्यांना स्वतःला कळलं नाही?"

"कसं कळन साहेब? ज्याले मारते तो पडते."

एका माणसाच्या मानापायी सगळ्या आखाड्याने मिळून गोड खोटं चालवलं होतं आणि तेच आता त्याच्या गळ्याशी आलं होतं. मला वाईटही वाटलं आणि संतापही आला.

पण आता तपासाला वाट मिळाली होती. मार गेटवरचा नसेल तर आधीचा असणार, आणि आधी सोबत होता तो फिर्यादी. ठोशाची गोष्ट इतकी पटण्यासारखी होती की गाडी गेटवर येण्याआधी काय झालं, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. मी त्याला चहा दिला आणि रात्रीचा मुक्काम कुठे होता इथपासून सुरुवात केली. तो सांगत गेला. पहाटे पिंपळगाव राजाच्या अलीकडे ढाब्यावर थांबलो, म्हणाला, आणि तिथे अडखळला. कवटीला असा मार बहुधा उंचावरून पडल्यावरच लागतो, म्हणून मी विचारलं, "गाडीवर कोण चढलं होतं?"

त्याची पाचावर धारण बसली. कप खाली ठेवायला त्याला टेबल सापडेना.

ताडपत्रीचा दोर सैल झाला होता म्हणून त्याचा सोबती गाडीवर चढला होता. तो उतरला असं समजून याने मागे न बघता गाडी पुढे घेतली. वरचा माणूस डोक्यावर आपटला. उठला, हसला, ढाबेवाल्याने हळद लावून दिली. पण तिथून पुढे तो उलटसुलट बोलायला लागला. गेटवर भांडण झालं, तो कोसळला आणि सगळ्या लोकांनी एका तोंडाने उस्तादाचं नाव घेतलं. याने आयती आलेली संधी घेतली. ढाबेवाल्याचा जबाब झाला, पंचनामा झाला आणि सगळं जुळलं.

उस्तादाला न्यायालयात हजर केलं तेव्हा मी तपासात निघालेलं सगळं मांडलं. त्याला लगेच जामीन झाला आणि पुढे त्याचं नाव गुन्ह्यातून वगळलं गेलं. ड्रायव्हरही वाचला. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आला तेव्हा जबाब घ्यायला मीच गेलो होतो. तुला कोणी मारलं, असं विचारलं तर म्हणाला, "मारलं नाही कुणी. एका म्हाताऱ्यानं गालाला हात लावला, तेवढं आठवतं." ते वाक्य मी लिहून घेतलं, पण मला ते फार लागलं.

जामिनाच्या दिवशी उस्ताद आपले बूट आणि पट्टा घ्यायला ठाण्यात आला. मी त्याला गाडीवरून पडल्याची हकिकत सांगितली. वाटलं होतं, सुटकेचा श्वास सोडेल. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग माह्या ठोश्याचं काय झालं साहेब?"

मी त्याचे बूट उचलून त्याच्यापुढे ठेवले. दारात तो शिपाई उभा होता. उस्तादाने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. शिपायाने मान खाली घातली.

"चाल बाहेर," उस्ताद म्हणाला.

ठाण्यामागच्या आवारात, जप्तीच्या मोटारसायकली लावतो तिथे, दोघं समोरासमोर उभे राहिले. मी थांबवायला हवं होतं, पण थांबवलं नाही. शिपायाने टोपी काढून एका सीटवर ठेवली.

"हात खाली कर. अन् पडाचं नाई तुह्या मनानं," उस्ताद म्हणाला. "मले खरं पाहाचं हाय."

पदन्यास तोच होता. खांदा तसाच वळला, कंबर तशीच फिरली आणि उजवा हात सुटला. मूठ शिपायाच्या जबड्यावर लागली. आवाजसुद्धा झाला नाही. शिपायाचा गुडघा सवयीने वाकायला लागला. मी तो वाकताना पाहिला. मग तो तिथेच थांबला आणि हळूहळू पुन्हा सरळ झाला. शिपाई उभा राहिला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

उस्तादाने आपली मूठ उघडली, बोटांकडे पाहिलं.

"पह्यल्यापासून?"

"नाई उस्ताद. पह्यले खरंच पडत होतो."

आता हा खाली बसेल असं मला वाटलं. म्हणून खुर्ची आणायला मी मागे वळलो, तेवढ्यात त्याचा आवाज आला.

"हात खाली कर म्हनलं होतं, हनुवटी वर कर नव्हतं म्हनलं. एवढी उघडी हनुवटी? काऊन बे? मी हेच शिकवलं तुले?"

"चुकलं उस्ताद," शिपाई म्हणाला आणि त्याने हनुवटी छातीला लावली.

पुढच्या जयंतीला चौकात दोर बांधले गेले तेव्हा रिंगणात दोन तरुण होते. उस्ताद दोराबाहेर खुर्चीवर बसून त्यांना शिव्या घालत होता. एका पोराने जुन्या सवयीने मुद्दाम पडायची तयारी केली असावी, कारण उस्ताद तिथूनच ओरडला, "लागलं नाई तुले, उभा राह्य." लोक हसले. त्याची बायको शेजारीच बसली होती, ती सगळ्यांत जास्त हसली.

खोटं बोलणारे माझ्या नोकरीत खूप भेटले. भीतीने, लोभाने, सुडाने बोलणारे ओळखता यायचे. प्रेमाने खोटं बोलणारे मात्र या एकाच प्रकरणात मला पार चकवून गेले, कारण त्या सगळ्यांबरोबर चौकात उभा राहून मीही टाळ्या वाजवत होतो.

आता मी निवृत्त आहे. जुने सहकारी लग्नकार्यात भेटतात आणि म्हणतात, "साहेब, तुमची नजर अजून तश्शीच आहे." बरं वाटतं. मी त्यांचे आभार मानतो, आणि मग माझी नजर हळूच त्यांच्या गुडघ्यांकडे जाते, सवयीने वाकतायत का ते बघायला.