चंचीचा हूक

माझी जाऊ पेणची, मी रोह्याची. आमचे नवरे सख्खे भाऊ, जत्रांमधून कपड्यांचं दुकान लावायचे. दोघांचे दोन टेम्पो. मागच्या भागात खाली कपड्यांचे गठ्ठे, त्यावर आम्ही बायका आणि भिंतींना टांगलेला आमचा संसार. सासूबाई बरोबर यायच्या, पण बसायच्या जावेच्या टेम्पोत. त्यांची पानसुपारीची चंचीसुद्धा तिच्याच हुकाला. ती चंची दिसली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"वहिनीनं बघ कसं लावलंय," आमचे हे म्हणायचे. झालं, मी हट्टाला पेटले. तिच्यापेक्षा जास्त हूक मारून घेतले. कढई, झारा, कंदील, आरसा, सगळं वर. एक पितळी हूक फक्त चंचीसाठी. मग सासूबाईंना आग्रह करून आणून बसवलं. नागोठण्याच्या अलीकडे खड्डे लागले आणि कढई झाऱ्यावर, झारा आरशावर. आरसा फुटला.

"डोकं उठलं गो माझं," म्हणत त्या उतरल्या. चंची घेऊन.

मुक्कामाला जाऊ पाण्याला गेली, तशी मी तिच्या टेम्पोत शिरले. तिच्या माहेरी गणपतीचा कारखाना. मूर्ती गाडीत चढवली की तिच्या मागे-खाली पेंढा कोंबतात, हलू देत नाहीत. हिनं तेच केलेलं. प्रत्येक भांड्यामागे पेंढ्याची चपटी गादी, आणि खालून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधलेली. विचारलं असतं तर तिनं हसत सांगितलं असतं. त्याचाच मला जास्त राग आला.

मी हुबेहूब तसंच बांधलं. परतीला सासूबाईंना पुन्हा बसवलं. वडखळपर्यंत एक चमचा वाजला नाही. त्या गाढ झोपल्या, आणि मी मागून येणाऱ्या टेम्पोतल्या जावेला मनातल्या मनात टुकटुक केलं.

जाग आल्यावर त्यांनी सवयीनं भिंत चाचपली. पितळी हूक रिकामा.

"चंची तिकडंच राहिली वाटतं," मी म्हटलं.

"राहिली नाय गो, ठेवून आलेय." त्यांनी ड्रायव्हरमागच्या पत्र्यावर थाप मारली. "झोप मस्त झाली. थांबव रे गाडी, घरी जाते मी."

घर अजून लांब होतं. त्या उतरल्या, आणि जावेच्या टेम्पोत जाऊन बसल्या.