मल्लूनं केलेली बिअर

नवऱ्याला हे सांगितलेलं न्हाई, मायला न्हाई, देवापुढं एकटी बसले तरी तोंडातून काढलेलं न्हाई. मग तुम्हाला कामून सांगायलेय? तुम्ही आमच्या भावकीतले न्हाईत, म्हणून असेल. भित्र्या माणसाला परका बरा वाटतो.

मी बिदरात शाळेत शिकवते. माहेर भालकीकडचं, धनगराचं. मेंढरं आजाबरोबर सरली, आता ऊस हाय. पण मैलारच्या खंडोबाचा धाक तसाच. थोरला काका दारूपायी गेला, तवा अप्पानं बेल-भंडारा उचलून सांगितलं — या उंबऱ्याच्या आत थेंब येणार न्हाई. तळहातावर बेलाचं पान, वर भंडाऱ्याची हळद, आणि तोंडात खरं. खोटं बोलणाऱ्याचा वंश देव बुडवतो, असं आम्ही मानतो. मीही मानते — तुम्हाला हसू आलं तरी चालेल.

मल्लू माझा पाठचा भाऊ. कडगंचीच्या विद्यापीठात केमिस्ट्री शिकला, मग बेंगळुरूत नोकरी. घरी सांगितलेलं, सरबताची कंपनी हाय. खरं फक्त मला ठाऊक होतं — तो बिअर बनवायचा. एका हॉटेलाच्या मागं, लहान टाक्यांत. फोनवर सारखं तेच. हॉप्स नावाचं वेलीचं फूल असतंय अक्का, ते शेवटाला टाकलं की वास टिकतोय. मी पेपर तपासत हूं हूं करायची.

माझ्या साखरपुड्याला आला, तो पिशवीत एक डबा घेऊन. त्यानं स्वतः ठरवून केलेली पहिली बिअर. पाहुणे उदगीरहून निघालेले, बायका पुरणात गुंतलेल्या. त्यानं मला कडब्याच्या खोलीत बोलावलं. ती खोली उंबऱ्याच्या आतच की. मला कळत नव्हतं का? कळत होतं — तरी गेले.

फुलपात्रात ओतली. संत्र्याची साल नखानं खरवडल्यासारखा वास आला. पहिला घोट कडूजहर. मी तोंड वाकडं केलं. मल्लू माझ्याकडं निकालाच्या दिवशीच्या पोरागत बघायला लागला. मग कडूपणा हळूच उतरला, आणि मागं काहीतरी आंबूस-गोड राहिलं, पाडाच्या आंब्यागत. मला आवडली. लई आवडली — हे आज पहिल्यांदा बोलायलेय. "आणखी घाल," म्हटलं. त्याचे डोळे भरले. त्याच्या कामाला घरातलं कुणी चांगलं म्हणायची ती पहिलीच वेळ.

कुंकू लावायला आत्या माझ्यावर वाकली आणि तोंडाच्या वासानं तशीच थांबली. ती ओरडली न्हाई, सरळ अप्पाला बोलावून आणलं.

अप्पानं मला देवापुढं नेलं. तळहातावर बेल ठेवला, वर भंडारा घातला, आणि विचारलं, "ठाऊक असून प्यालीस?"

काय झालं असतं खरं बोलले असते तर? सोयरीक मोडली असती? की एक थोबाडीत बसून भागलं असतं? मला ठाऊक न्हाई. मी ते बघायला थांबलेच न्हाई. म्हणाले, "न्हाई अप्पा. सरबत म्हणून दिलं मल्लूनं."

मल्लू दारातच उभा होता. त्याचं तोंड पांढरं पडलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या भंडाऱ्याकडं. अप्पानं विचारलं, "व्हय का रं?"

"व्हय अप्पा," तो म्हणाला. "म्या फसवून पाजली. अक्का खरं बोलायलीय."

त्यानं असं कामून केलं, हे मी त्याला कधी विचारलं न्हाई. विचारायचं काय त्यात? माझी खोटी शपथ खरी करून टाकली त्यानं, म्हंजे देवाचा कोप माझ्यावर येऊ नये. मी त्याला दगा दिला — आणि तो मलाच वाचवत उभा राहिला.

पाहुणे यायच्या आत अप्पानं त्याला हाकललं. तोंड दावू नको म्हणाले. त्यानं पिशवी उचलली आणि बस धरली. भावकीत त्याचं नाव पडलं, बहिणीला दगा देणारा. आणि मी काय करायची, सांगू? कुणी त्याला शिव्या घातल्या की म्हणायची — जाऊ द्या, लहान होता, मी माफ केलंय. बायका माझ्या मनाचा मोठेपणा सांगत फिरायच्या, आणि मला ते गोड लागायचं.

लग्न झालं की सांगू, म्हटलं. मग लेकरू झालं की. मग आजारी अप्पाला बरं वाटलं की.

आमच्यात देवाचे टाक, म्हंजे देव्हाऱ्यातले चांदीच्या पत्र्यावरले देव, लेकाकडं जातात. लेक नसला तर पुतण्याकडं. लेकीकडं कधीच न्हाई. गेल्या चंपाषष्ठीला अप्पानं भावकी बसवली आणि सगळ्यांसमोर टाक माझ्या ओटीत घातले. "लेक दगाबाज निघाला," म्हणाले. "ही पोरगी भंडाऱ्याला खरी उतरली." मी पदर पसरून घेतले. देव आता बिदरात नौबादला, माझ्या घरी हायत.

मल्लूला कुणीतरी कळवलं असणार. त्याच सांजेला त्याचा फोन आला. त्यानं एवढंच विचारलं, "देव नीट बसले का, अक्का?"

"व्हय," म्हटलं, आणि फोन ठेवला.