कडेवरची लेक

ती घटना मनात आली की आजही मी आधी माझी बोटं पाहतो. कुठलीही सीडी हातात घ्यायची झाली, तर हात धुऊन, पुसून, तिला फक्त कडेने धरतो. घरचे हसतात. निवृत्त फौजदाराला सीडीची एवढी काय भीती, असं त्यांना वाटतं. भीती नाही, आदर आहे, आणि तो एका बाईने शिकवलेला आहे.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी तेव्हा पाथर्डी भागातल्या एका ठाण्यात होतो. लग्नसराईत एके दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास, रस्त्याकडेने घरी निघालेल्या म्हाताऱ्या मेंढपाळाला एका जीपने उडवलं. जीप थांबलीच नाही. म्हातारा जागीच गेला. पंचनाम्यात हाती लागलं ते एवढंच: हेडलाइटच्या काचेचे तुकडे आणि झेंडूच्या चुरगळलेल्या पाकळ्या. म्हणजे जीप लग्नाची होती.

महिनाभर काही धागा लागेना, आणि मग आमचा एक जुना खबऱ्या आला. इकडेतिकडे बघत त्याने प्रवासी जीप चालवणाऱ्या एका ड्रायव्हरचं नाव घेतलं. म्हणाला, "त्याच्या भाचीचं लगीन हुतं साहेब, देवळाली प्रवरेला. जिपीला हार हुता. म्या माझ्या डोळ्यानं बगितली."

ड्रायव्हरला ताब्यात घेतलं. आडदांड माणूस, मिशा पिळलेल्या, आवाज स्टँडवर कमावलेला. त्याच्या जीपची एक काच नवी कोरी होती. "लग्नाआधीच बदलली," तो म्हणाला. असं सगळेच म्हणतात.

"पाठवणीच्या वेळी कुठे होतास?"

"देवळालीतच हुतो."

"देवळालीत कुठे?"

"तिथंच."

त्यापुढे तो ताकास तूर लागू देईना. देवळालीला जाऊन नवरीच्या वडिलांना विचारलं, तर तो सरळ माणूस मेहुण्यासाठीही खोटं बोलला नाही. "पाठवनीला समद्यांनी मामा मामा म्हून हाका मारल्या साहेब. पर त्यो काय दिसला न्हाई." पाठवणी झाली दिवेलागणीला. अपघातही तेव्हाच. दोन्ही जागांमधला रस्ता चांगला दोन-अडीच तासांचा. मामा पाठवणीला तिथे असेल तर निर्दोष, नसेल तर तुरुंग, परवाना रद्द, आणि माणूस मारून पळाल्याचा शिक्का जन्मभर.

शेवटी तोच म्हणाला, "शूटिंग बगा की साहेब. म्याच आहेरात दिलंय भाचीला."

शूटिंगची मूळ कॅसेट उरली नव्हती. स्टुडिओवाल्याने तिच्यावर पुढचं लग्न चढवलं होतं. मामा आठवतो का विचारलं तर म्हणाला, "साहेब, फेटा बांधला की सगळे मामे सारखेच दिसतात." मात्र त्याआधी त्याने घरच्या कॉम्प्युटरवर ते शूटिंग एका सीडीवर लिहून, म्हणजे उतरवून, दिलं होतं. त्या काळी ही मोठी नवलाई. ती सीडी नवरीच्या आईकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या बहिणीकडे होती. त्यांनी ती पदराने पुसून हवालदाराच्या हाती दिली.

हवालदाराने स्वतःच्या मेहुण्याचा सीडी प्लेअर ठाण्यात आणला. हळद दिसली, अक्षता दिसल्या, जेवणाच्या पंगती दिसल्या. कोपऱ्यात तारीख आणि वेळ पळत होती. नवरी आईच्या गळ्यात पडली आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले. मग पडदा थिजला. पुन्हा लावली, पुन्हा तिथेच.

"नेमकं इथंच कसं?" हवालदार माझ्याकडे बघून मिशीत हसला. त्याच्या मते आरोपीला हे ठाऊक होतं, म्हणूनच तो सीडीचं नाव घेत होता.

मला मात्र चैन पडेना. साक्षीदार अडखळला की तो खोटारडा, असं धरून चालणाऱ्याने खाकी घालू नये. घोडं कुठं पेंड खातंय ते आधी पाहायला हवं. मी बाजारातून विकतची आरत्यांची सीडी आणायला लावली. ती सुरळीत वाजली, म्हणजे प्लेअर निर्दोष. मग लग्नाची सीडी एका हॉटेलवाल्याच्या प्लेअरवर लावली. तिथेही नवरी आईच्या गळ्यात पडली आणि थिजली.

स्टुडिओवाल्याला बोलावलं. फुशारकीत तो कमी नव्हता. "घरी लिहिलेली सीडी जुन्या प्लेअरला पचत नाही साहेब. नवा आणा." नवा आणला. गाडी पुन्हा त्याच ठिकाणी अडली. आता त्याचा चेहरा उतरला. देण्याआधी ती कॉम्प्युटरवर अखेरपर्यंत पाहिल्याचं तो शपथेवर सांगत होता. तेव्हा त्याने मला एक गोष्ट सांगितली, ती मी विसरलेलो नाही. सीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवात मधल्या भोकापाशी आणि शेवट बाहेरच्या कडेला.

मी सीडी खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. आतला भाग आरशासारखा होता. कडेला मात्र पिवळसर, तेलकट पट्टा होता आणि त्यात बारीक चरे. जे बिघडलं होतं ते स्टुडिओतून निघाल्यावर, घरी बिघडलं होतं.

बहिणीला बोलावून घेतलं. त्या अंग चोरून बाकावर बसल्या.

"मावशी, ही घरी आल्यावर तुम्ही हिचं काय काय केलं?"

"काय न्हाई साहेब. देवाऱ्यात ठिवली."

"लावून पाहिली नाही?"

"आमच्यात कुटं हाय ते मशीन."

"मग हिला हळद कशी लागली?"

पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "लेक दिली सुरतेला. लई लांब. म्या त्या फोटूवाल्याला इचारलं, बाबा, माझ्या लेकीची पाठवनी यात कुटं हाय? त्यो म्हनला, काकू, शेवटाला, पार कडंला. मग रोज पूजा झाली की हळदीकुकवाचं बोट तिथं लावायची. चमकती बाजू म्हंजी तोंडच की तिचं. ल्हानपनी कडंवर हुती, आता बी कडंवरच हाय, म्हनायची मनाला."

मी थक्क झालो होतो. ज्या बाईने सीडी कधी चालताना पाहिली नव्हती, तिने आपली लेक तिच्यात कुठे आहे ते शोधून काढलं होतं, आणि रोज नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. तिच्या मायेनेच तिच्या भावाची साक्ष झाकली गेली होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगवलंच नाही.

स्टुडिओवाल्याने मुकाट्याने साबणाचं पाणी मागवलं. पंचांसमक्ष सीडी धुतली, मऊ फडक्याने भोकापासून सरळ कडेकडे पुसली. गोल पुसली तर चरे सीडीवरच्या लिखाणाच्या गोल रेघेबरोबर जातात आणि आणखी बिघडतं, असं त्याचं म्हणणं. प्लेअरवर ती आता थोडी पुढे सरकली आणि पुन्हा थिजली. मग ती आम्ही त्याच्या घरी कॉम्प्युटरला लावली. यंत्र एकेका जागी घुटमळत होतं, पुन्हा पुन्हा वाचत होतं. अखेर सगळं निघालं आणि सावकाश नव्या सीडीवर उतरवलं गेलं.

ती आम्ही ठाण्यात लावली. बहीण समोर बसल्या होत्या. ड्रायव्हरलाही आणलं. नवरी आईच्या गळ्यात पडली, आणि या वेळी पुढे चालू लागली. बायका रडत होत्या. "मामा, अवो मामा," हाका ऐकू येत होत्या. कॅमेरा वळला. मांडवामागे हार घातलेली जीप उभी होती, नंबर वाचता येत होता, आणि तिच्या दाराला कपाळ टेकून एक आडदांड माणूस फेट्याच्या टोकाने डोळे पुसत हुंदके देत होता. कोपऱ्यात वेळ दिवेलागणीचीच होती.

"अरे, मग सांगितलं का नाहीस?" मी ओरडलोच.

तो मान खाली घालून म्हणाला, "स्टँडवर काय त्वांड दाखवू साहेब? मामा रडत हुता म्हनतील."

तुरुंग पत्करेल पण रडलो म्हणणार नाही, असा हा गडी! हसावं की हात जोडावेत ते मला कळेना. बहीण मात्र उठल्या आणि त्यांनी भर ठाण्यात भावाच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. आमच्या हवालदाराने तोंड भिंतीकडे केलं.

पुढचं सोपं होतं. खबऱ्याला समोर बसवून विचारलं, तेव्हा त्याला घाम फुटला. अपघाताच्या दिवशी दुसऱ्या एका लग्नाहून त्याचा जावई जीप घेऊन परतला होता. ती एका गॅरेजच्या मागे, ताडपत्रीखाली सापडली. तिच्या फुटक्या हेडलाइटला आमचे काचेचे तुकडे तंतोतंत बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढं थोडक्यात टळलं. मेंढपाळाच्या मुलाला मी स्वतः जाऊन सांगून आलो.

नोकरीत मी अनेक साक्षीदार फितूर होताना पाहिले. या केसनंतर मात्र एक सवय लागली. कुणी नेमक्या जागी अडला, की त्याच्यावर डोळे वटारण्याआधी मी पाहायचो, त्या जागेवर कुणाचं बोट आहे. बहुतेक वेळा भीतीचं असतं. कधीतरी मायेचंही असतं.

केस संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने दोन्ही सीड्या परत द्यायच्या होत्या. मावशी भावाबरोबर आल्या. नवी, चकचकीत सीडी मी त्यांच्या हाती दिली आणि बजावलं, हिला बोट लावायचं नाही. त्यांनी ती कडेने अलगद धरली. चेहरा मात्र पडला.

"मग बोट कुटं लावू साहेब?"

मी कपाटातून जुनी सीडी काढली आणि त्यांच्या दुसऱ्या हातात ठेवली.

"ती बघायला मावशी. ही हात लावायला."