पेंडीतलं विष

परभणीच्या कृषी महाविद्यालयात मी संशोधन सहायक होते. शेंगदाण्यावर हिरवट-पिवळी बुरशी येते आणि ती विष सोडते. ते डोळ्यांना दिसत नाही. ते ओळखायला आम्ही सशांच्या रक्तात प्रतिपिंडं तयार करायचो. सशाला प्रथिनाला जोडलेलं विष अगदी थोडं टोचायचं, काही आठवड्यांनी कानाच्या शिरेतून रक्त घ्यायचं. त्यातली प्रतिपिंडं नेमकी त्याच विषाला चिकटतात.

विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेला बंद उठून एस.टी. सुरू झाल्या, त्या आठवड्यात पेडगावची एक बाई पदरात पेंडीचा तुकडा बांधून आली. तिच्या दोन वगारी, म्हणजे म्हशीच्या पारड्या, मेल्या होत्या. शेजारी राहणाऱ्या जावेनं काहीतरी खाऊ घातलं, असा तिचा संशय. जनावरांच्या डॉक्टरांना चिरफाडीत यकृत खराब दिसलं आणि त्यांनी तिला आमच्याकडे पाठवलं.

"पेंड घरच्या शेंगांची हाय," ती म्हणाली. "तुमी फकस्त त्यात कुणी काय कालवलं का ते बघा."

मी पेंडीचा अर्क काढून प्रतिपिंडांसोबत खळग्यांच्या प्लॅस्टिक ताटलीत घातला. शेजारी चांगल्या पेंडीचा घातला. ती स्टुलावर बसून बघत होती. चांगल्या पेंडीचे खळगे पिवळे झाले, तिचे पाण्यासारखे राहिले.

"माजं साफ निघालं."

"उलटं आहे, मावशी. रंग आला नाही म्हणजे विष आहे; ताटलीतलं औषध त्यालाच चिकटलं, रंग द्यायला उरलं नाही. पण ते कुणी कालवलेलं नाही, बुरशीचं आहे. शेंगा भिजल्या होत्या का?"

"भिजल्या व्हत्या. तशाच पोत्यात भरल्या." मग तिनं विचारलं, "वगारी त्यानंच मेल्या?"

"तेवढं ही चाचणी सांगत नाही. पण डॉक्टरांच्या सांगण्याशी जुळतंय."

"मीच घालत व्हते रोज," ती म्हणाली.

उरलेली पेंड पुरून टाका, एवढं मी सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात आधी कळवून नमुने गोळा करायला पेडगावला गेले. तिनं शेंगा अंगणात पातळ पसरून वाळत घातल्या होत्या. जावेला सांगितलं का, असं मी विचारलं.

"सांगितलं. लेकरांसमोर तिला लय बोलले व्हते, म्हणून लेकरांसमोरच सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. बोलत न्हाई अजून." आत जाऊन तिनं एक पुडी आणली. "काल सासूच्या हाती ह्या शेंगा धाडल्या तिनं. ह्याबी तपासा म्हणली."

दोघींच्याही शेंगा त्या वर्षी चांगल्या निघाल्या. तसं मी कळवलं. त्यांचं बोलणं सुरू झालं का, ते मला कळलं नाही.